पडणाऱ्यांचे सिनेमे

मला माणसं आपटलेली बघायला आवडतात. शिडीवरून, सायकलवरून, गच्चीच्या कठड्यावरून, कुठूनही. एकाच्या डोक्यात फळी बसावी, त्याने भेलकांडत मागच्याच्या पोटात कोपर घालावं, मागच्याने चिडून भलत्याच तिसऱ्याला थोबाडीत ठेवून द्यावी आणि बघता बघता अख्ख्या रस्त्यात लाथाळी सुरू व्हावी, असं काही पडद्यावर चाललं असलं की मला तहानभूक आठवत नाही. हे सिनेमे आमच्या पणजोबांच्या काळातले, परदेशातले, काळेपांढरे आणि मुके. त्यांतले जे दोन-चार नट जगभर पुजले जातात, ज्यांची चित्रं आमच्या धुळ्यातल्या सलूनमध्येसुद्धा टांगलेली असतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्यांचं बरं चाललंय. माझा जीव आहे तो मागच्या रांगेतल्या लोकांवर. ज्यांची नावं पाट्यांवरून पुसली गेली, ज्यांच्या सिनेमाची सुरुवात सापडते तर शेवट सापडत नाही, आणि ज्यांनी पोटासाठी रोज सकाळी उठून मार खाल्ला.

त्यांत एक वाळका म्हातारा आहे. अख्ख्या सिनेमात त्याला एकच काम, मार खायचं. हॉटेलवाला त्याला परातीने हाणतो, पोलीस दंडुक्याने हाणतो, धोबीण ओल्या चादरीचा पिळा करून त्याच्या कानशिलात वाजवते. हा दर वेळी पडलेली टोपी उचलतो, झटकतो आणि पुन्हा डोक्यावर ठेवतो. त्याचं नाव कुठेच नाही, पण त्या टोपी झटकण्यावरून मी त्याला बऱ्याच सिनेमांतून हुडकून काढलंय. दुसरी एक आडव्या हाडाची बाई आहे. ती बेकरीत कामाला असते, मालक तिच्या अंगचटीला येतो. मग ती आधी कणकेच्या गोळ्यांनी, मग लाटण्याने आणि शेवटी पिठाच्या पोत्यांनी त्याला आणि त्याची बाजू घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला असं तुडवते की दुकानाची पुढची भिंत रस्त्यावर येते. तो सिनेमा संपल्यावर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. घरात तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी धुळ्याच्या देवपुरातल्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर आहे. लोकांना वाटतं, पी.टी.चा मास्तर म्हणजे गळ्यात शिट्टी आणि पुढे पोट. पण पडणं हा माझा धंदा आहे. कबड्डी शिकवताना मी पोरापोरींना आधी पडायला शिकवतो. हनुवटी छातीला लावायची, तळहात टेकायचा नाही, खांद्यावरून गोल जायचं. तळहात टेकला की मनगट गेलंच. आणि खरा मार काय असतो तेही मला पुस्तकातून कळलेलं नाही. शिरपूरकडच्या एका गावात सामन्याच्या निकालावरून खुर्च्या उडाल्या, तेव्हा एका लोखंडी खुर्चीचा पाय माझ्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, समोरचं सगळं लाल दिसायला लागलं आणि त्या लालीत मीही हाताला आलं ते फिरवलं. समोरच्याचे दोन दात मातीत पडलेले मी पाहिले. राग माझ्या नाकावर असतो हे देवपुरात सगळ्यांना माहीत आहे.

म्हणूनच असेल, खोट्या माराची किंमत मला कळते. त्या नटांच्या अंगाखाली गादी नसायची. कॅमेरा एका जागी उभा आणि गडी खरोखर जिन्यावरून खाली. कुठे मध्येच चित्र कापलंय आणि कुठे माणूस एका दमात पडलाय, हे मला पहिल्या नजरेत समजतं. हाड मोडेल अशा जागी हाड न मोडता पडायचं आणि वर लोकांना हसवायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. आपल्याकडे गाणाऱ्याला दाद देतात, पडणाऱ्याला कुणी देत नाही, म्हणून मी देतो.

एका बंद पडलेल्या शिकवणीवर्गाचा जुना प्रोजेक्टर मला मिळाला. समोरच्या खोलीची एक भिंत मी पांढरी करून घेतली. आमच्याकडच्या वैशाखात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरत नाही. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, कुलर सोडायचा आणि गल्लीतली पोरं गोळा करायची. कुलर असा गरजतो की बोलपट लावला तर शब्द कळणार नाही, पण माझ्या सिनेमांना त्याचं काय! माय एका कोपऱ्यात काहीतरी निवडत, चिरत बसायची आणि पदर तोंडात धरून हसायची. माझी बायको म्हणायची, तुम्ही मायलेक नरकात जाल, लोकांची डोकी फुटतात आणि तुम्हाला गुदगुल्या होतात.

आता आखाजीबद्दल सांगायला हवं. बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. खानदेशात आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या लेकींचा सण. भाऊ आणायला जातो, लेक माहेरी येते, झाडाला झोके बांधतात. झोक्यावर बसून लेकी गाणी म्हणतात, आणि ती बहुतेक गाणी गाऱ्हाण्याची असतात. सासू चटका देते, नणंद चुगली करते, नवरा हात उगारतो. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, जोरात झोका द्यायचा आणि सगळ्यांनी हसायचं. वर्षभराची मळमळ त्या झोक्यावर निघते आणि लेकी पुन्हा नांदायला जातात. आखाजीला सासरची तक्रार करत नाही ती कसली लेक, असं आमच्याकडे मानतात.

माझी धाकटी बहीण रावेरला दिलेली. मेहुण्यांचा केळीचा धंदा. बागेतून घड उतरवायचे, शेडमध्ये टाक्यात धुवायचे, खोक्यात भरून ट्रक लावायचे. माणूस मोठा हसतमुख. समोरच्याच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही. यंदा मी तिला आणायला गेलो तर त्यांनी अशी थाप मारली की बशीतला चहा माझ्या शर्टावर आला. आम्ही दोघंही हसलो. बहीण दोन पिशव्या आणि एक मोठं गाठोडं घेऊन बाहेर आली. गाठोड्याच्या तोंडातून लोकरीचा स्वेटर डोकावत होता. बाहेर अंगाची लाही होत होती. मी म्हटलं, काय गं, हिमालयात चाललीस का?

जळगावच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. आम्ही उसाचा रस प्यायला उभे राहिलो. तिने ग्लास तोंडाला लावला, खाली घेतला आणि म्हणाली, "भाऊ, मी आते परत जावाव नही."

"आखाजीले बठ्ठ्या पोरी असंच म्हणतस," मी म्हटलं आणि हसलो. सगळ्याच म्हणतात.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बर्फ चघळत समोरच्या गाड्यांकडे बघत राहिली. धुळ्यापर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी समजलो, उन्हाने डोकं दुखत असेल.

सणाला आम्ही सगळे आमच्या गावी गेलो. नदीकाठचं गाव, धुळ्यापासून जवळच. निंबाला झोके लागले होते. बहीण झोक्यावर उभी राहिली आणि गायला लागली. ओळी तिच्याच होत्या, चाल नेहमीची. तो दार लावतो, कडी घालतो, केसाला धरतो, भिंतीला लावतो. बायांनी ओळ उचलली. केसाला धरतो गं, भिंतीला लावतो. झोका उंच जात होता, बाया टाळ्या पिटत होत्या, माझी माय हसता हसता डोळे पुसत शेजारणीला आपल्या पोरीचं कौतुक सांगत होती, मनी पोर यंदा काय झकास गास! तिने सगळं सांगितलं. गावासमोर, मोठ्या आवाजात सांगितलं. गावाने त्याचं धृपद केलं.

आमच्या गावात आखाजीला आणखी एक प्रकार असतो. गौराई शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, बाया नदीवर जातात, पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या बाया आलेल्या असतात, आणि मग दोन्ही काठ एकमेकांना शिव्या घालतात. अशा शिव्या की पुरुषमाणसाने कान झाकून निघून जावं. शिव्या सरल्या की ढेकळं. रिवाजच आहे, त्या दिवशी कुणी रागवायचं नसतं. मी लांबून, बाभळीखालून पाहत होतो. बाकीच्या बाया ढेकूळ उचलत, हसत, फेकत. ते पाण्यात पडे. माझी बहीण हसत नव्हती. ती वाकून दगड निवडत होती. तिने एक गोटा असा सणकावला की पलीकडच्या एका बाईच्या कपाळावर बसला आणि ती मटकन खाली बसली. बोटांतून रक्त गळायला लागलं. दोन्ही काठांवर ढेकळं हातातच राहिली. मग कुणीतरी ओरडलं, आखाजी शे वं! आणि पुन्हा हशा पिकला. बहिणीने तोवर दुसरा दगड उचलला होता. बायांनी तिचा हात धरला.

मी मनात म्हटलं, काय फेक आहे हिची! शाळेत असताना हिला भालाफेकीत उतरवायला हवं होतं.

सण आटोपून आम्ही देवपूरला परतलो. मेहुणे चार दिवसांनी न्यायला येणार होते. एका दुपारी गल्लीतली पोरं मागे लागली म्हणून मी सिनेमा लावला. फार कुणाला ठाऊक नसलेला, पण माझा लाडका. दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको, आणि करपलेल्या जेवणावरून सुरू झालेलं भांडण. आधी बशा उडतात, मग पातेली. नवरा बायकोला ढकलतो, ती खुर्चीवरून उलटी मागे जाते आणि उठून त्याच्या डोक्यात घड्याळाचा लंबक घालते. शेजारी साखर मागायला येतो आणि दोघांचे ठोसे त्यालाच बसतात. पोरं लोळत होती. मायचं कैऱ्या फोडणं चाललं होतं, अडकित्त्याचा कचाकच आवाज आणि वर तिचं हसू.

नवरा ढकलतो तिथे मी चित्र थांबवलं. मला राहवत नाही, चांगलं पडणं दिसलं की पोरांना समजावून सांगावंसं वाटतं. मी म्हटलं, बघा, हिची हनुवटी बघा, खांदा बघा, असं पडायचं असतं.

"नही भाऊ," मागून बहीण म्हणाली. "तिले माहीत शे तो ढकलनार नही खरा. आसं नही पडतस."

"मंग कसं?"

ती उठली. भिंतीवरच्या थांबलेल्या चित्रासमोर, प्रोजेक्टरच्या उजेडात येऊन उभी राहिली. पोरांना वाटलं आता गंमत होणार. तिने आधी एका हाताने दुसऱ्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, मग दुसऱ्या हाताने पहिल्या हातातल्या. दोन्ही हात कानांवर नेले. डोळ्यांवर नाही, कानांवर. गुडघे आधी सोडले, मग कंबर, आणि कुशीवर अशी गेली की फरशीवर धप्प असासुद्धा आवाज आला नाही. गुडघे पोटाशी, पाठ बाहेर.

"शाब्बास!" मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. असं पडणं मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग माझ्या लक्षात आलं की अडकित्त्याचा आवाज थांबलाय. माय तिच्या बांगड्यांकडे पाहत होती. अजून कोपराशीच अडकलेल्या होत्या त्या. काच फुटून मांसात जाऊ नये म्हणून बाईने पडण्याआधी बांगड्या वर सरकवाव्यात, ही सवय एका दिवसात लागत नाही.  मी पोरांना हाकललं. सिनेमा अर्धाच राहिला म्हणून ती कुरकुरत उन्हात गेली.

स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं, रडली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून चाललेलं होतं. कारण काहीही पुरे. ट्रक उशिरा आला, केळीचा भाव पडला, भाजीत मीठ. तोंडावर कधी मारत नाही, दिसेल असं कुठेच मारत नाही. तिने पाठीवरचा पदर बाजूला केला आणि माझ्या बायकोने भिंतीला हात टेकला. जुनं पिवळं, त्यावर निळं, त्यावर नवं काळं.

माझं डोकं फिरलं. क्रीडासाहित्यातली एक लोखंडी कांब दाराशी होती, ती मी उचलली आणि मोटरसायकलची किल्ली घेतली. मला डोळ्यांसमोर फक्त मेहुण्यांचे गुडघे दिसत होते. दोन्ही गुडघे. कसे मोडायचे तेही मला माहीत होतं, कबड्डीने एवढं शरीरशास्त्र शिकवलंय. बायको आडवी आली, तिला मी बाजूला सारलं. बहीण दारात उभी राहिली.

"जाय," ती म्हणाली. "मार त्याले. मंग गाव म्हणी, साला-मेहुणानं भांडण व्हयनं. पोलीस तुले लई जातीन. नि मनं जे व्हयनं ते कोनीच इचारणार नही."

मी कांब खाली टाकली. ती फरशीवर इतक्या जोरात वाजली की शेजारीण डोकावून गेली.  मायने मात्र काहीच ठरवलं नव्हतं. ती कैऱ्यांना मीठ लावत पुटपुटत होती, जवाई दारू पेत नही, बाहेरख्याली नही, चारचौघांत मान शे. दुसऱ्या दिवशी तिने गावाहून नानांना बोलावून घेतलं. नाना माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील गेल्यापासून आमच्या घरातला निवाडा तेच करतात.

ठरल्या दिवशी मेहुणे आले. अख्खा केळीचा घड खांद्यावर घेऊन, हसत. मायने नेहमीप्रमाणे डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि आतून आमरस पाठवला. जावयाला रस वाढलाच पाहिजे, मग तो कुणीही असो. मी समोरच्या खुर्चीत दातावर दात रोवून बसलो होतो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हललो नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा थाप मारली नाही.

जेवणं झाल्यावर नानांनी विषय काढला. खिडकीच्या घोंगड्या वर केलेल्या होत्या आणि गल्लीतली पोरं गजांना लटकून आत बघत होती. कुणी त्यांना हाकललं नाही.

मेहुणे शांतपणे म्हणाले, "नाना, मी खोटं बोलत नाही. एखांदी चापट गेली असंल. मले राग येते एकदम. रागाच्या भरात हात उठते, काय होऊन राह्यलं ते मले समजत नाही. मंग मलेच वाईट वाटते. विचारा तिले, मी तिले बाहेर जेवाले नेलं का नाही?"

नाना माझ्याकडे वळले. "भांड्याले भांडं लागसच. मास्तर, तू सोता केवढा तापट, तुले काय सांगो? राग कोनले येस नही? नि पोर आखाजीना गानामा बोलनी ते काय मनवर लेवानं?" मग मेहुण्यांना म्हणाले, "जवाईबापू, आते हात आवरा. नि पोरी, तू बी तोंड आवर. सामान बांध."

माय स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती बहिणीला म्हणाली, "जाय माय. आते ते नही मारतीन. नानास्नी सांगं ना."

 बहिणीने माझ्यासमोर येऊन माझं मनगट धरलं. "भाऊ, ऊठ. तू मी." आणि मला भिंत आणि कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात उभं केलं.

मग ती दाराबाहेर गेली आणि मेहुणे होऊन आत आली. पोट पुढे, पाय फाकवून, बोटाभोवती किल्ल्यांचा जुडगा फिरवत. काही बोलली नाही, तोंड हललं नाही, तरी तो माणूस हुबेहूब आत आला. खिडकीतली पोरं फिदीफिदी हसली. नानांच्या मिशा हलल्या. मेहुणेसुद्धा हसले, म्हणाले, "नकला मस्त करते!"

तिने दार लावलं, कडी घातली. ओढून पाहिली. मग ती भिंतीतल्या फडताळापाशी गेली. डावं मनगट वर केलं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी नसलेल्या घड्याळाचा पट्टा सोडला. ते नसलेलं घड्याळ तिने पदराने पुसलं, फुंकर मारली, तबकडी वर करून फडताळात आत सारून ठेवलं, पडणार नाही असं. बाही दुमडली. एक घडी, मग दुसरी. कसलीच घाई नव्हती. मग ती माझ्याकडे वळली.

पहिली कानावर बसली. बहीण अंगाने लहान, पण तिने काही राखून ठेवलं नाही. कानात शीळ घुमायला लागली. दुसरी त्याच कानावर. मग तिने छातीवर दोन्ही हात टेकून मला लोटलं आणि मी पडलो, शिकवतो तसा, हनुवटी छातीला लावून, खांद्यावरून. पण गोल जायला जागाच नव्हती. एका बाजूला भिंत, एका बाजूला कपाट. डोकं कपाटावर धाडकन आदळलं. पोरं खिदळली.

ती खाली वाकली आणि ओठांवर बोट ठेवलं. "भाऊ, तू आवाज कया. आवाज नही करना. भिंतपल्याड सासू झोपेल शे. आवाज व्हयना का अजून पडस. ऊठ."

मी उठलो. तिने पुन्हा लोटलं. या वेळी मी आवाज न करता पडलो आणि तेव्हा मला कळलं की आवाज करायचा नाही म्हटलं की सगळा मार अंगाला घ्यावा लागतो, हाताने अडवता येत नाही, लोळण घेता येत नाही. माझ्या बरगडीत लाथ बसली. पुन्हा बसली, अगदी त्याच जागी. श्वास कोंडला. केसांना धरून तिने माझं डोकं भिंतीला टेकवलं आणि दाबून धरलं. डोळ्यांत पाणी आलं, पण मी हूं की चूं केलं नाही. ती दमेपर्यंत मारत होती. सगळं मुक्याने चाललं होतं. कुलर बंद होता, आणि त्या खोलीत फक्त तिच्या श्वासाचा आणि माझ्या अंगावर बसणाऱ्या लाथांचा आवाज होता. खिडकीतलं हसू केव्हा थांबलं ते कळलं नाही. एका लहान पोरीने रडायला सुरुवात केली आणि कुणीतरी तिला ओढून नेलं.

मग ती थांबली. फडताळापाशी गेली. ते घड्याळ उचललं, कानाशी धरलं, मनगटावर चढवलं आणि पट्टा नीट बसवला. बाह्या खाली केल्या. पाटावर बसावं तशी फरशीवर बसली आणि माझ्याकडे न बघता, मेहुण्यांच्या आवाजात पहिल्यांदाच बोलली.

"वाढ."

मी कोपऱ्यात बरगडी धरून बसलो होतो. समोर मेहुणे होते. त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला आणि त्यांनी घड्याळावर पंजा झाकला. झाकल्यावर त्यांना कळलं की सगळे तिथेच बघतायत. सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. लग्नात मायने स्वतः दुकानात जाऊन, तीनदा बदलून घेतलेलं. राग एकदम येतो म्हणणाऱ्या माणसाला त्याची काच सांभाळण्याइतकी सवड दर वेळी मिळत होती.

नानांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

माय दाराशी होती ती आत आली. इतक्या वर्षांत ती जावयासमोर कधी उभी राहिली नव्हती, कायम दाराआडून बोलली. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिने वर ओढला नाही. मेहुण्यांच्या पुढ्यात येऊन तिने हात पसरला. मीठ आणि कैरीच्या चिकाने बोटं काळी पडली होती.

"पोर आठेच राही, मना घरमा, जवाईबापू," ती म्हणाली. "नि ते घड्याय काढी द्या. काढता येस तुमले."